लॅपटॉपच्या पोटातली रुई

वऱ्हाडातला उन्हाळा कसा असतो हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना नुसतं सांगून कळायचं नाही. त्यासाठी मे महिन्यात आमच्या बाळापूरला यायला हवं. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नळाचं पाणी चहाला चालेल इतकं कढत येतं. आणि २०२४ सालच्या मे महिन्यात तर कमालच झाली. पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि अकोला जिल्ह्यात उष्णतेच्या लाटेमुळे चक्क १४४ कलम लागू झालं! दंगल-गडबड काही नाही, नुसतं ऊन. खासगी शिकवण्यांनासुद्धा सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच वर्ग घ्या, असं बजावलं होतं.

याच आठवड्यात आमचा लॅपटॉप बंद पडला. त्याचीच ही हकिगत. त्यात माझी फजिती आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हा लॅपटॉप म्हणजे आमच्या घरातली मोठी इस्टेट. २०२१ साली, शाळा मोबाइलवर भरत होत्या तेव्हा, अकोल्याहून जुना घेतलेला. आधीच्या मालकाने तो गेम खेळायलाच घेतला असावा, कारण त्यात चित्रांसाठी वेगळी चिप आहे आणि वजनाला तो दोन पाटांएवढा. आमच्या घरात मात्र त्यावर थोरलीचा अभ्यास, धाकट्याचा अभ्यास आणि (हे धाकटा हळू आवाजात सांगतो) थोडा मोटारींच्या शर्यतीचा गेम. थोरली नुकतीच बारावी झालेली. जुलैमध्ये ती अमरावतीला शिकायला जाणार आणि लॅपटॉप तिच्याबरोबर जाणार, असं घरात पक्कं ठरलेलं. नवा घ्यायचा तर पन्नास-साठ हजार. मी एका जिनात मुनीम आहे. मुनिमाच्या पगारात साठ हजार कसे बसतात, ते गणित तुमच्या पुस्तकात नसतं.

तर झालं असं. रविवारची दुपार. मी कूलरसमोर बसून वर्षाअखेरचा हिशेब टंकत होतो. लॅपटॉपचा पंखा अशा आवाजात ओरडत होता, की आजी आतल्या खोलीतून म्हणाली, “काहून रे, त्या डब्याले कायले तापवून रायला? त्याले बी ऊन लागलं असन. एक कांदा ठेव त्याच्याखाली!”

(आमच्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात. लू लागत नाही म्हणतात. लॅपटॉपला कांदा सुचवणारी मात्र आमची आजीच.)

मी हसलो आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. सूचना नाही, काही नाही. दिवा विझावा तसा. हात लावून पाहिलं तर कळफलकाच्या वरची पट्टी तव्यासारखी तापलेली. दोन तासांचं काम गेलं.

मी ओरडलो ते पंख्याहून मोठ्याने. “गेम खेळून खेळून वाट लावली याने! कुठे आहे तो?”

‘तो’ म्हणजे धाकटा. आठवीत जाणारा. तो दारात येऊन उभा राहिला. “बाबा, गेममुळे नाही बंद पडत तो,” एवढंच म्हणाला. मला आणखी राग आला. मी त्याचं दप्तर उघडलं. आता दप्तर कशाला उघडलं, हे मला आजही सांगता येणार नाही. रागावलेला माणूस पुरावा शोधत असतो. आणि पुरावा सापडला! गणिताच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानांवर रकाने आखलेले. तारीख, वेळ, जागा, मिनिटं. असे :

२० फेब्रुवारी, रात्री ९, टेबल, ५२ मिनिटं.
३ मार्च, रात्री ९, टेबल, ४१ मिनिटं.
२८ एप्रिल, दुपारी २, गादी, ११ मिनिटं.
२८ एप्रिल, दुपारी ४, पाट, १९ मिनिटं.
१२ मे, पहाटे ५, पाट, ४७ मिनिटं.

गेम खेळल्याची लेखी नोंद! हिशेबाच्या माणसाला याहून काय हवं? मी तिथेच पेन्सिल काढली आणि बेरीज केली. एकतीस नोंदी, एकूण साडेचौदा तास. “साडेचौदा तास!” मी घरभर ऐकवलं. “ताईच्या शिक्षणाची चीज होती ती. तुझ्यावर भरवसा ठेवला, हीच माझी चूक झाली.”

थोरलीचे डोळे भरले. “मग मी अमरावतीला काय नेऊ?” असं काहीसं ती पुटपुटली. धाकटा खाली पाहत होता. त्याने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते मिटलेलं तोंड मला पुढे बरेच दिवस दिसत राहिलं.

बायको स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, “मुनीमजी, बेरीज केली ना? आता भागाकार पण करा. किती दिवसांचे साडेचौदा तास?”

मी केला नाही. रात्री गच्चीवर झोप येईना तेव्हा मनातल्या मनात केला. फेब्रुवारीच्या मधल्यापासून मेच्या शेवटापर्यंत ९८ दिवस. साडेचौदा तास म्हणजे ८७० मिनिटं. दिवसाला नऊ मिनिटंही नाहीत! एवढ्या खेळण्याने लॅपटॉपची वाट लागत असती तर गावोगावची सगळी यंत्रं केव्हाच भंगारात गेली असती. पण सकाळी मी हे कुणाला सांगितलं नाही. मोठ्या माणसांना अशा वेळी गप्प बसायची सवय असते, तुम्ही पाहिलंच असेल.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बाजारातल्या चाचांकडे गेलो. चाचा मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. मग टीव्ही, मग मोबाइल, आता लॅपटॉप. त्यांच्या दुकानात अजून एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ शोभेला ठेवला आहे. तो लावला की त्याच्या व्हॉल्व्हच्या उबेवर हात शेकता येतात. चाचांनी लॅपटॉप हातात घेतला, पण उघडला नाही. डॉक्टर आधी नाडी बघतो आणि प्रश्न विचारतो, तसं त्यांनी विचारलं, “कधीपासून होऊन रायलं हे?”

“हा गेम खेळायला लागला तेव्हापासून,” मी म्हणालो.

“ते कधीपासून?”

मला तारीख काही सांगता येईना. धाकट्याने न बोलता पिशवीतून वही काढली. ती त्याने बरोबर आणली होती! चाचांनी चष्मा वर केला आणि एकेक ओळ वाचत गेले. मधेच “वा!” म्हणाले. मला वाटलं, आता हेसुद्धा तास मोजणार. पण त्यांनी मिनिटांचा रकाना वेगळ्याच नजरेने वाचला. तो रकाना किती वेळ खेळला याचा नव्हता. किती मिनिटांत लॅपटॉप बंद पडला, याचा होता! आणि मी त्याची बेरीज मारून बसलो होतो.

“पाहा सायेब,” चाचा म्हणाले, “पोराने एका दिवशी दोनदा पाह्यलं. एकदा गादीवर, एकदा पाटावर. गेम तोच, फक्त जागा बदलली. गादीवर ११ मिनिटं, पाटावर १९. पहाटे गार हवेत तोच पाट, तर ४७. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाह्यली की दोष कोठी हाय ते कळते. माह्याकडे येणारे मोठमोठे लोक असं करत नाहीत. सगळं एकदमच बदलून टाकतात.”

मग त्यांनी पान उलटून सगळ्यात वरची ओळ दाखवली. ती मी घाईत पाहिलीच नव्हती. तिथे मिनिटं नव्हती, नुसतं लिहिलं होतं : ‘१८ फेब्रुवारी. लॅपटॉप घरी परत आला. पंखा ओरडतो.’

“परत आला? कोठून?”

धाकटा माझ्याकडे बघायला लागला. मी दुकानाच्या छताकडे बघायला लागलो.

तर आता खरी गोष्ट सांगतो. डिसेंबरात आमच्या जिनाच्या ऑफिसातला जुना संगणक बिघडला. कापसाचा हंगाम ऐन भरात. गाड्यांवर गाड्या येतात, वजन, पावत्या, हिशेब. मालक नवा संगणक आणेपर्यंत मी घरचा लॅपटॉप नेला. तो सव्वादोन महिने तिथेच राहिला. आणि जिन म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या मुलांना सांगायला नको. कापसातून सरकी वेगळी करायची, रुई वेगळी करायची. यंत्रं सुरू झाली की बारीक तंतू हवेत उडत राहतात. भुवयांवर, मिश्यांवर, चहाच्या कपात, सगळीकडे रुई. संध्याकाळी घरी येतो तेव्हा मी म्हातारबाबा दिसतो. आता विचार करा, माझ्या भुवयांवर जर एवढी रुई, तर दिवसभर हवा आत ओढणाऱ्या पंख्यात किती?

चाचांनी उत्तर दिलं नाही, करून दाखवलं. लॅपटॉप सुरू केला, कागदाची एक पातळ पट्टी कापली आणि जिथून गरम हवा बाहेर पडते त्या बाजूच्या फटीसमोर धरली. पंखा तर विमानासारखा ओरडत होता. पण पट्टी नुसती थरथरली. “आवाज हाय, हवा नाही,” चाचा म्हणाले. “अंग तापलेलं आणि श्वास बारीक. मशीनचा दम घुटून रायला.”

त्यांनी हेही समजावलं, की हवा जोरात येत असती पण गार असती आणि तरी आतली चिप भाजत असती, तर दोष दुसरा. म्हणजे चिपची उष्णता पंख्यापर्यंत पोचतच नाही. या एका कागदाच्या पट्टीने निम्मं निदान होतं. ही पट्टी तुम्हीही धरू शकता. पुढचं काम मात्र मोठ्यांचं आणि जाणत्याचं, कारण आत बॅटरी असते आणि सगळ्यात आधी तिची जोडणी सोडवावी लागते.

खालचं झाकण निघालं आणि आम्ही तिघंही वाकलो. एका कोपऱ्यात काळा पंखा. त्याच्यासमोर तांब्याच्या बारीक बारीक पात्या, फणीच्या दातांसारख्या. आणि पंखा आणि फणी यांच्यामध्ये करड्या रंगाची एक गादी. हो, गादीच! चाचांनी चिमट्याने ती ओढली, तर अख्खी पट्टी निघून आली. रुई, धूळ, थोडं तेल, सगळं दाबून बसलेलं. बोटाच्या पेराएवढी लांब.

“ह्यात कापूस कोठून आला सायेब?” चाचांनी अगदी भोळेपणाने विचारलं.

मी काही बोललो नाही. धाकटाही बोलला नाही. तो खो खो हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

चाचांनी पंख्याचं पातं एका काडीने अडवून धरलं आणि मग ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने सगळं झाडलं. पातं का अडवायचं? कारण जोराच्या हवेने पंखा भलत्याच वेगाने फिरतो आणि त्याचा दांडा खराब होऊ शकतो. घरी कुणी हौसेने झाडूयंत्र लावतं, त्यात हाच धोका.

फणीपासून चिपपर्यंत तांब्याच्या दोन चपट्या नळ्या गेल्या होत्या. धाकट्याने विचारलं, “चाचा, ही तार एवढी जाड कशाला?” आणि चाचांनी जे सांगितलं ते ऐकून मीही चाट पडलो. ती तार नव्हेच. आत पोकळ असते. आतली हवा काढून घेतलेली आणि पाण्याचे मोजके थेंब ठेवून दोन्ही तोंडं बंद केलेली. आता तुम्ही प्रेशर कुकर पाहिला आहे. त्यात दाब जास्त, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर उकळतं. या नळीत नेमकं उलटं. दाब अगदी कमी, म्हणून पाण्याची वाफ कितीतरी कमी तापमानाला होते. चिपजवळच्या टोकाला वाफ होते, जाताना उष्णता घेऊन जाते. फणीजवळच्या टोकाला तिचं पुन्हा पाणी होतं, उष्णता तिथे सोडते आणि पंखा ती बाहेर फुंकतो. पाणी नळीच्या आतल्या बारीक छिद्रांच्या अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, परत चिपकडे येतं. ना मोटार, ना पंप. असे फेरे सारखे चालू.

म्हणजे आजीचा माठ, दारातला कूलर आणि लॅपटॉपची नळी ही एकाच घरातली भावंडं म्हणायची! माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती माठातली उष्णता नेते. कूलरच्या ताट्यांवर पाणी ओततो ते त्यासाठीच. पावसाळ्यात हवा दमट असते, वाफ व्हायला जागा नसते, म्हणून तेव्हा कूलर नुसता चिकचिकाट करतो. आणि आमच्या तालुक्यातच पारसला मोठं औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॉटचे दोन संच. तिथेही कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची, तिने चक्र फिरवायचं आणि मग ती थंड करून पुन्हा पाणी करायचं. थंड करणं जमलं नाही तर वीजही नाही. धाकटा म्हणाला, “म्हणजे लॅपटॉपला वीज देणारं पण तापतं आणि वीज घेणारा पण तापतो!” त्याच्या या वाक्यावर चाचांनी चहा मागवला.

गेम खेळताना एवढं का तापतं, हेही सांगायला हवं. पत्र लिहिताना लॅपटॉपची चिप जवळजवळ डुलक्या घेत असते. गेममध्ये मोटार वळली की रस्ता, झाडं, सावल्या, सगळं सेकंदाला पन्नास-साठ वेळा नव्याने रंगवायचं असतं. तेव्हा असा मोठा लॅपटॉप शंभर वॉटच्या आसपास वीज खातो आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. जुना पिवळा शंभरचा बल्ब आठवतो ना, ज्याच्या उबेला कोंबडीची पिल्लं ठेवतात? तो बल्ब एका चपट्या डब्यात कोंडला आहे असं समजा. चिप साधारण शंभर अंशांच्या आसपास पोचली की आधी आपला वेग कमी करते. गेम अडखळतो तो म्हणूनच. तरीही भागलं नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी लॅपटॉप बंद होतो. म्हणजे ते बंद पडणं हा बिघाड नव्हता, शहाणपणा होता.

आणि आमच्या उन्हाचं काय? तोही हिशेब मी करून पाहिला. उष्णता गरम वस्तूकडून गार हवेकडे जाते आणि दोघांमधला फरक जेवढा मोठा तेवढी भराभर जाते. चिप ९५ अंशांवर आहे असं धरा. खोलीत २५ अंश असतील तर फरक ७०. आमच्या खोलीत दुपारी ४३. फरक उरला ५२. म्हणजे तोच पंखा, तीच फणी, तरी उष्णता बाहेर जाणार जेमतेम तीन चतुर्थांश. त्यात रुईची गादी आणि खाली खरी गादी! बाळापूरला मन नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी दगडी छत्री आहे. लहानपणी आम्ही संध्याकाळी तिथे वारा खायला जायचो, कारण ती चारी बाजूंनी मोकळी. त्या छत्रीच्या सगळ्या कमानी विटांनी बुजवल्या तर आत कोण बसेल? लॅपटॉप गादीवर ठेवला की त्याच्या तळाच्या हवेच्या जाळ्या अशाच बुजतात.

चाचांना रेडिओचे दिवस आठवले. म्हणाले, तेव्हा व्हॉल्व्ह तापायचे आणि आम्ही रेडिओच्या पाठीचा पुठ्ठा काढून ठेवायचो. खरंच आहे. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिॲक नावाचा संगणक जगापुढे आला, त्यात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते आणि त्याला थंड ठेवायला मोठाले वाऱ्याचे भाते लावावे लागत. आपल्या पुण्याच्या आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ नावाचा महासंगणक २०१९ साली बसवला, त्याच्या चिपांना तर थेट द्रव खेळवून थंड करतात. थोडक्यात, आमच्या लॅपटॉपची तक्रार काही जगावेगळी नव्हती.

चाचांनी चिपवरचा जुना लेप खरवडला. तो सुकून चुन्यासारखा झाला होता. चिप आणि तांबं आपल्याला सपाट दिसतात, पण त्यांच्यात बारीक फटी राहतात. फटीत हवा आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. म्हणून हा लेप. स्पिरिटने पुसून त्यांनी नवा लेप लावला. किती? तुरीच्या डाळीएवढा. धाकटा म्हणाला, “अजून लावा ना,” तर म्हणाले, “बाबू, पुरणपोळी नाही हे. जास्त झालं तर उलट काम बिघडते.”

बॅटरीही त्यांनी सपाट काचेवर ठेवून पाहिली. फुगलेली नव्हती, हे आमचं नशीब. असल्या बॅटऱ्यांना उष्णता सोसत नाही. फुगल्या तर कळफलक किंवा त्याखालची बोट फिरवायची पट्टी वर उचलल्यासारखी दिसते. तसं कधी दिसलं तर लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, सरळ मोठ्यांना सांगायचं. इथे शौर्य नको.

रात्री घरी तपासणी झाली. चाचांनी तापमान दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम टाकून दिला होता. आधी दुकानात लॅपटॉप नुसता उघडा असताना ६८ अंश होता आणि गेम लावताच ९७ ला जाऊन बंद पडला होता. आता रिकामा ५४, गेममध्ये ८४. एक तास झाला, बंद नाही. पंखा बोलत होता, ओरडत नव्हता. शिवाय चाचांच्या सांगण्यावरून धाकट्याने दोन बदल केले. गेममध्ये सेकंदाला चित्रं किती काढायची त्याला साठची मर्यादा घातली आणि विजेच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली. एका टक्क्याने काय होणार, असं मलाही वाटलं. पण त्यामुळे चिप जी अधूनमधून अंगात आल्यासारखी जादा वेगाने धावते, ते थांबतं. तापमान ७८ वर आलं आणि गेममध्ये मला तरी काही फरक दिसला नाही. धाकट्याला दिसला म्हणे.

आजी ओलं फडकं घेऊन आली होती. “घाल त्याच्या अंगावर, ताप उतरन.” तिला थांबवावं लागलं. ओलं फडकं नको, बर्फ नको आणि फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवायचा नाही. गार तांब्याच्या अंगाला जसं पाणी सुटतं तसं आत सुटलं तर सगळंच आटोपलं. कूलरचा सरळ झोतही नको, कारण त्याबरोबर पाण्याचे तुषार येतात. एकदा धाकट्याने तोही प्रयोग केला होता. वहीत नोंद होती : ‘कूलरसमोर, ३३ मिनिटं. पडद्यावर थेंब. पुन्हा करायचं नाही.’

ती गादी, म्हणजे रुईची पट्टी, चाचांनी कागदात बांधून माझ्या हातात दिली होती. “फीची पावती,” म्हणाले. आजीने ती उलटसुलट करून पाहिली. “एवढ्या रुईत दोन वाती झाल्या असत्या बाप्पा, पण मळकी हाय.”

आता राहिलं एक काम. ते मी चाचांच्या दुकानातून घरी येताना उरकायचं ठरवलं होतं, पण तेव्हा धीर झाला नव्हता. रसवंतीवर थांबलो, दोन ग्लास रस घेतला, पैसे दिले, आणि नुसतंच “ऊन किती आहे” वगैरे बोललो. शेवटी रात्री गच्चीवर अंथरुणं टाकताना म्हणालो, “हे बघ, रक्कम बरोबर होती. खातं चुकलं. माझ्या नावावर टाकायची ती मी तुझ्या नावावर टाकली.”

तो उशी झटकत होता. बराच वेळ झटकत राहिला.

“तुला माहीत होतं ना, जिनातून आल्यापासून बिघडलाय ते? मग काल बोलला का नाहीस?”

“तुम्ही सगळ्यांसमोर बोलत होता,” तो म्हणाला. “मी सांगितलं असतं तर सगळ्यांसमोरच सांगावं लागलं असतं.”

यावर मला काही सुचलं नाही. खालून कूलरचा आवाज येत होता. मग त्यानेच विचारलं, “बाबा, हिशेबात चुकीची नोंद झाली तर खोडतात का?”

“खोडत नाहीत. खोडाखोड चालत नाही. उलट नोंद करतात.”

“मग करा ना. सगळ्यांसमोर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी, आजी, बायको, थोरली, सगळे बसले असताना मी ती वही उघडली आणि माझी पेन्सिलची बेरीज होती तिच्याखाली पेनने लिहिलं : ‘वरील साडेचौदा तास चुकून या खात्यात. मुनिमाच्या नावे वर्ग.’ आणि सही केली. बायको म्हणाली, “तारीख?” मी तारीखही घातली.

जुलैमध्ये थोरली अमरावतीला गेली, लॅपटॉप गेला. जिनात आता ऑफिसचा स्वतःचा संगणक आहे. त्याच्या हवेच्या तोंडाला मी पातळ जाळीचं कापड लावलं आहे आणि दर शनिवारी ते झटकतो. धाकट्याने सुचवलेलं. मधे एकदा थोरलीचा रात्री फोन आला. “बाबा, लॅपटॉप परत ओरडतोय.” मी काही विचारायच्या आत धाकट्याने फोन ओढून घेतला.

“ताई, कशावर ठेवलाय? खरं सांग.”

पलीकडून उत्तर यायला जरा वेळ लागला.

“...उशीवर.”

“पाट घे. आणि वही आहे का जवळ? वेळ लिहून ठेव.”